विमाना विमाना, तुझं गाव कोणतं?

डोळ्यांसमोर एक रस्ता आणा. दोन्ही बाजूंना उंच पाइन वृक्षांचं दाट रान आणि मधून रुळासारखा सरळ गेलेला डांबरी रस्ता. एकही गाडी दिसत नाही. कडेला एक ट्रक उभा आहे आणि सहा जण कान टवकारून आकाशाकडे बघतायत. त्यांतले पाच तर तुमच्या कॉलेजातल्या दादा-ताईंच्या वयाचे आहेत. तेवढ्यात झाडांच्या शेंड्यांवरून काहीतरी करड्या रंगाचं सूंकन खाली येतं, रस्त्यावर टेकतं आणि थोडं धावून थांबतं.

ते असतं चक्क लढाऊ विमान!

आता घड्याळ लावा. ते सहा जण विमानाकडे धावतात. कुणी इंधनाची नळी जोडतं, कुणी पंखाखाली क्षेपणास्त्रं अडकवतं, कुणी चाकं तपासतं. वैमानिक खाली उतरतही नाही. दहा मिनिटं झाली की विमान पुन्हा त्याच रस्त्यावरून धावतं आणि झाडांपलीकडे दिसेनासं होतं. मागे उरतो तो रिकामा रस्ता.

ही गोष्ट आहे स्वीडनची, आणि विमानाचं नाव ग्रिपेन. गरुडाचं डोकं आणि सिंहाचं शरीर असलेल्या एका काल्पनिक प्राण्याला स्वीडिश भाषेत ग्रिपेन म्हणतात.

मला लढाऊ विमानांची चित्रं बघायला फार आवडतं. वेग किती, क्षेपणास्त्रं किती हे मी नंतर वाचतो. आधी विमानाच्या अंगाकडे नीट बघतो. चाकं कशी आहेत? पंख कुठे लावलाय? नाकाजवळ काय आहे? कारण विमानाच्या अंगावर त्याचं गाव लिहिलेलं असतं. त्याच्या देशाला कशाची भीती होती, जमीन कशी होती, समुद्र किती जवळ होता, हे सगळं तिथे वाचता येतं. चला, आज युरोपातल्या काही विमानांना त्यांचं गाव विचारू या.

ग्रिपेनपासूनच सुरुवात करू, कारण माझं ते सगळ्यांत लाडकं आहे.

स्वीडन हा लांबलचक, थंड आणि विरळ वस्तीचा देश. १९८०च्या सुमारास तिथे जेमतेम ८३ लाख माणसं राहत होती. तेव्हा जगात शीतयुद्ध चालू होतं. एका बाजूला अमेरिका आणि तिचे मित्र, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत संघ आणि त्याचे मित्र. स्वीडन कुणाच्याच गटात नव्हता. म्हणजे उद्या हल्ला झालाच, तर आपलं आपणच निभवायचं. बरं, हल्ला करणारा सगळ्यांत आधी काय फोडेल? विमानतळ! धावपट्टीवर मोठे खड्डे पडले की कितीही भारी विमान असो, ते जागेवरच बसून राहणार.

स्वीडिश लोकांनी विचार केला, की विमानं एका जागी ठेवायचीच कशाला? देशभर विखरून टाकू आणि रस्त्यांवरून उडवू. मग त्यांनी ठिकठिकाणी सरळ रस्त्यांचे तुकडे त्यासाठी तयार ठेवले. छोट्या धावपट्टीचं माप ठरलं आठशे मीटर लांब आणि सुमारे सतरा मीटर रुंद. शाळेच्या स्पर्धेत ४०० मीटरचा ट्रॅक असतो ना? त्याच्या दोन फेऱ्या म्हणजे ही अख्खी धावपट्टी. मुंबई विमानतळाची मोठी धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर लांब आहे, म्हणजे बघा!

एवढं ठरल्यावर विमान कसं असावं हे त्या रस्त्यानेच ठरवलं. रस्ता अरुंद, म्हणून विमान लहान. ग्रिपेनच्या पंखांची रुंदी साडेआठ मीटरसुद्धा नाही. विमान लहान, म्हणून इंजिन एकच. रानात कारखाना कुठून आणणार? म्हणून इंजिन साधारण तासाभरात बदलता येईल अशी रचना. दुरुस्तीची झाकणं अशा उंचीवर, की जमिनीवर उभं राहूनच हात पोचावा. इंजिन सुरू करायला बाहेरून यंत्र आणावं लागू नये, म्हणून त्याची सोय विमानाच्या पोटातच. आणि ते सहा जण आठवतायत? त्यांतला एकच पक्का तंत्रज्ञ. बाकीचे पाच सक्तीच्या लष्करी सेवेत काही महिन्यांसाठी आलेले तरुण. त्यांना थोडक्या दिवसांत शिकवता येईल इतकं सोपं काम असायला हवं होतं.

मला हे फार मोठं वाटतं. अवघड यंत्र करणं कठीण असतंच. पण ते अवघड यंत्र नवख्या मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता यावं, यासाठी केवढा विचार करावा लागला असेल!

रस्त्यावर उतरल्यावर थांबायचं कसं, हाही प्रश्न होताच. ग्रिपेनच्या मुख्य पंखांच्या पुढे दोन छोटे पंख आहेत. चाकं टेकली की हे छोटे पंख पुढे वाकून जवळजवळ उभे राहतात. समोरून येणारा वारा त्यांच्यावर आपटतो, विमान जमिनीवर दाबलं जातं आणि ब्रेक घट्ट धरतात. जोरात धावताना दोन्ही तळहात पुढे धरून बघा. वारा हातांना ढकलतो ना? तेच.

या पुढच्या छोट्या पंखांना कॅनार्ड म्हणतात. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे बदक! १९०६ साली पॅरिसमध्ये सान्तोस-द्युमाँ यांनी उडवलेल्या विमानाचं तोंड असं लांब पुढे आलेलं होतं, की ते मान ताणून उडणाऱ्या बदकासारखं दिसायचं.

आता एक गंमत. ग्रिपेन, राफेल आणि टायफून या तीन युरोपी विमानांच्या सावल्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर पहिल्यांदा बघणाऱ्याला तिन्ही सारखीच वाटतात. तिघांचाही मागचा पंख त्रिकोणी आणि पुढे कॅनार्ड. तिघांनाही हे का सुचलं असेल?

त्रिकोणी पंख आवाजापेक्षा जास्त वेगाने जायला छान. तो पातळ ठेवता येतो, मजबूत असतो आणि त्याच्या पोटात इंधनही भरपूर मावतं. पण त्याची एक खोड आहे. नुसत्या त्रिकोणी पंखाच्या विमानाला नाक वर करायचं असेल, तर पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा वर वळवाव्या लागतात आणि मागचा भाग खाली दाबावा लागतो. उडायचंय वर आणि दाबतोय खाली! म्हणून अशा विमानाला लांब धावपट्टी लागते. पुढे कॅनार्ड लावला की तो नाकालाच वर उचलतो. दाबायचं काम कमी आणि उचलायचं काम जास्त.

दुसरं कारण समजायला एक कागदी विमान करा. त्याच्या नाकाला एक यू-क्लिप लावून फेका. सरळ जाईल. आता क्लिप काढून शेपटीकडे लावा आणि पुन्हा फेका. नाक वर करून गटांगळी खाईल. पहिलं विमान शहाणं, पण वळायला सुस्त. दुसरं सारखं उलटायला बघतं, पण म्हणूनच त्याला वळवायला जरासा धक्काही पुरतो. लढाऊ विमानाला चटकन वळायचं असतं, म्हणून ही तिन्ही विमानं मुद्दाम थोडी दुसऱ्या प्रकारची केली आहेत. त्यांना तोलून धरतो तो संगणक. तळहातावर झाडू उभा तोलताना तुमचा हात कसा सारखा इकडेतिकडे सरकतो? संगणक तेच काम एका सेकंदात कित्येकदा करतो. कॅनार्ड आणि मागच्या झडपा तो सतत थोड्या थोड्या हलवत असतो. माणसाच्या हाताला ते जमणारच नाही.

अर्थात संगणकालाही हे शिकवावं लागतं, आणि शिकताना चुका होतात. ग्रिपेन पहिल्यांदा उडालं ९ डिसेंबर १९८८ला. पुढच्याच फेब्रुवारीत लिनशॉपिंग गावी उतरताना ते डुलायला लागलं आणि धावपट्टीवर उलटलं. आत चाचणी वैमानिक होते लार्स रोडेस्ट्रोम. ते बचावले. नवीन सायकल शिकताना हँडल डावीकडे जातं, आपण घाबरून उजवीकडे ओढतो, ते जास्तच जातं, मग पुन्हा डावीकडे, आणि शेवटी धडाम! तसंच झालं होतं. वैमानिकाचा हात आणि संगणक यांचा ताल चुकला होता. अभियंत्यांनी संगणकाला दिलेल्या सूचना सुधारल्या. पण ऑगस्ट १९९३मध्ये स्टॉकहोमच्या जलमहोत्सवात, हजारो लोक बघत असताना, ग्रिपेन पुन्हा तसंच डोललं. आणि वैमानिक? पुन्हा रोडेस्ट्रोमच! त्यांनी आसनासकट बाहेर झेप घेतली आणि पॅराशूटने उतरले. विमान पडलं, पण सुदैवाने कुणाचाही जीव गेला नाही. अभियंते पुन्हा कामाला बसले आणि या वेळी ती खोड काढूनच उठले. १९९६ साली ग्रिपेन हवाई दलात रीतसर काम करू लागलं.

धावपट्टी फुटली तर काय, हा प्रश्न ब्रिटनलाही पडला होता. पण त्याचं उत्तर बघा किती वेगळं! ब्रिटिशांनी ठरवलं, धावपट्टीच नको. विमान जागच्या जागी सरळ वर उडालं पाहिजे.

त्यातून आलं हॅरियर. हॅरियर हे एका शिकारी पक्ष्याचं नाव. आपल्याकडे त्याला भोवत्या म्हणतात. या विमानात पेगासस नावाचं एकच इंजिन आणि त्याला चार तोंडं, दोन पुढे आणि दोन मागे. ही तोंडं फिरतात. मागे वळवली की विमान पुढे पळतं, खाली वळवली की विमान वर उचललं जातं. हवेत एका जागी उभं असताना पंखांवरून वारा वाहत नाही, मग तोल कसा सांभाळायचा? त्यासाठी पंखांच्या टोकांना, नाकाला आणि शेपटीला बारीक छिद्रं आहेत. त्यांतून हवेचे फवारे सोडून ते सरळ राहतं. १९६० साली त्याच्या आधीच्या विमानाने दोऱ्यांनी बांधलेल्या अवस्थेत पहिला हवेतला तोल साधला, आणि १९६९ साली हॅरियर ब्रिटिश हवाई दलात आलं. जर्मनीतल्या रानांमध्ये ते जाळ्यांखाली लपवून ठेवायचं आणि मोकळ्या तुकड्यातून उडवायचं, असा बेत होता.

पण सरळ वर उचलायला प्रचंड ताकद लागते. त्यात इंधन खूप जळतं आणि फार ओझं नेता येत नाही. मग ब्रिटिश नौदलातल्या डग्लस टेलर या अधिकाऱ्याने एक साधी युक्ती काढली. जहाजाच्या टोकाला उतार लावायचा, म्हणजे घसरगुंडीच्या खालच्या टोकासारखा वर वळलेला. थोडं धावत येऊन विमान त्यावरून हवेत फेकलं जातं. फेकलं गेल्यावर जे काही क्षण मिळतात, त्यांत इंजिन त्याचा वेग वाढवतं आणि मग पंख त्याला पेलतात. सायकल फळीवरून उडवणाऱ्या मुलांना हे समजावून सांगायची गरज नाही! (पण हेल्मेट घाला.)

हॅरियरचा सागरी भाऊ, सी हॅरियर, आपल्या नौदलातही होता. १९८३ साली ही विमानं गोव्याला दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर आली आणि पुढे आयएनएस विराट या जहाजावरून उडाली. २०१६मध्ये ती निवृत्त झाली. गोव्याला गेलात तर बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात नक्की जा. तिथे सी हॅरियर उभं आहे. त्याच्या अंगाला बाजूने वळसा घाला आणि ती फिरणारी तोंडं शोधा.

आता फ्रान्स. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली, स्पेन आणि फ्रान्स हे पाच देश मिळून एकच विमान बनवायचा विचार करत होते. पाच जणांत खर्च वाटला की प्रत्येकाला स्वस्त पडणार होतं. पण १९८५मध्ये फ्रान्स बाहेर पडला आणि त्याने आपलं वेगळं विमान बनवलं, ते राफेल. फ्रान्सला रचनेत पुढारपण हवं होतं, हे खरं. पण एक अडचण खरोखरच मोठी होती. फ्रान्सकडे विमानवाहू जहाजं होती आणि नवं विमान त्यांच्यावरही उतरायला हवं होतं. बाकीच्यांना ही गरज नव्हती. त्यांना हवं होतं मोठं आणि जड विमान.

जहाजावर उतरणं म्हणजे काय ते ऐका. डेकवर आडव्या जाड तारा ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा लोंबतो. तो आकडा तारेत अडकला तर विमान थांबतं. आणि नाही अडकला तर? म्हणून टेकताक्षणी वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, उलट पूर्ण वाढवतो. तार हुकली तर पुढे समुद्र आहे, तेव्हा पुन्हा उडता यायला हवं. उडतानाही वेगळीच तऱ्हा. शार्ल द गोल या फ्रेंच जहाजावर ७५ मीटरचं वाफेवर चालणारं ढकलयंत्र आहे. ते विमानाचं पुढचं चाक धरून दोन-तीन सेकंदांत त्याला गलोलीतल्या खड्यासारखं भिरकावतं. म्हणून राफेल एमच्या, म्हणजे नौदलासाठी बनवलेल्या राफेलच्या, पुढच्या चाकाचा पाय बघा, किती दणकट आहे! हवाई दलाच्या राफेलपेक्षा हे नौदलाचं राफेल सुमारे ५०० किलो जड आहे, ते अशाच दणकट भागांमुळे.

राफेल म्हणजे वाऱ्याचा झोत. पहिलं नमुना-विमान उडालं ४ जुलै १९८६ला. फ्रान्सकडे तेव्हा सात निरनिराळ्या जातींची लढाऊ विमानं होती. कुणी टेहळणी करायचं, कुणी बाँब टाकायचं, कुणी जहाजावरून उडायचं. त्या सातांची कामं या एकाने करायची होती. एकाच उड्डाणात आकाशातल्या शत्रूवर नजर ठेवायची, जमिनीवरचं लक्ष्यही गाठायचं आणि फोटोही काढायचे. म्हणून राफेल हमालासारखं बळकट आहे. रिकामं असताना ते साधारण १० टनांचं, पण सगळं लादून एकूण वजन साडेचोवीस टनांपर्यंत गेलं तरी ते उडू शकतं.

आपल्या हवाई दलाची पहिली राफेल विमानं जुलै २०२०मध्ये अंबाल्याला उतरली, हे तुमच्या घरच्यांना आठवत असेल. पण मला त्याहून गमतीचा वाटतो तो जानेवारी २०२२मधला गोव्याचा प्रसंग. आपल्या विक्रांत जहाजावर ढकलयंत्र नाही, डग्लस टेलर यांच्या कल्पनेतला तसाच वर वळलेला उतार आहे. राफेल तर ढकलयंत्रासाठी बनवलेलं. मग ते उतारावरून उडेल का? हे बघायला एक राफेल गोव्यात आणलं. आयएनएस हंसावर जमिनीवरच तसा उतार बांधलेला आहे. त्यावरून ते उडालं! २०२५मध्ये भारताने नौदलासाठी २६ राफेल घ्यायचा करार केला.

फ्रान्स गेल्यावर उरलेल्या चार देशांनी बनवलं युरोफायटर टायफून. त्यांची काळजी होती ती पूर्वेकडून खूप वेगाने आणि उंचावरून येणाऱ्या सोव्हिएत विमानांची. रडारवर ठिपका दिसला की धावत जाऊन, झपाट्याने वर चढून, दूर असतानाच त्याला गाठायचं. मग टायफूनला दोन जोरदार इंजिनं दिली. ते आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जातं. उंच आणि वेगवान असण्याचा फायदा काय? तुम्ही अंगणात उभं राहून चेंडू फेका, आणि मग धावत येऊन फेका. दुसरा चेंडू लांब जातो. क्षेपणास्त्राचंही तसंच. शिवाय उंचावर हवा विरळ असते, तिथे ते कमी अडखळतं.

आता टायफूनचा कॅनार्ड बघा. राफेलचा कॅनार्ड मुख्य पंखाला खेटून आहे, कारण त्यावरून निघणारे हवेचे भोवरे पंखावरून जातात आणि कमी वेगातही विमानाला उचलून धरतात. जहाजावर हळू उतरणाऱ्याला हे हवंच. टायफूनचा मात्र पार पुढे, वैमानिकाच्याही पुढे आहे. दार ढकलताना बिजागरीजवळ ढकलून बघा, मग कडीजवळ. कडीजवळ कमी जोर लागतो ना? तसंच लांबवरचा छोटा पंख थोडासा हलला तरी नाक वळतं, आणि प्रचंड वेगात वाऱ्याचा अडथळाही कमी होतो. दोन्ही विमानांना तेच बदकाचे पंख, पण एकाची नजर डेकवर आणि दुसऱ्याची आभाळावर.

टायफूनची आणखी एक गोष्ट मला भारी आवडते. त्याचा डावा पंख बनतो इटलीत आणि उजवा स्पेनमध्ये! नाकाकडचा भाग ब्रिटनमध्ये आणि मधलं अंग जर्मनीत. दिवाळीत चार घरांनी फराळ वाटून घ्यावा, एकीने चकल्या, दुसरीने लाडू, आणि मग प्रत्येकीने आपापल्या घरी ताट मांडावं, तसं आहे हे. कारण चारही देशांत जोडणीचे वेगवेगळे कारखाने आहेत. यात वेळ गेला, पैसा गेला, वादही झाले. पहिलं टायफून उडायला मार्च १९९४ उजाडलं. तोवर ज्याच्यासाठी एवढी तयारी चालली होती तो सोव्हिएत संघ १९९१मध्येच विसर्जित झाला होता. आकाश राखायला जन्मलेलं हे विमान पुढे जमिनीवरचे बाँबहल्लेही शिकलं, आणि २०११मध्ये लिबियात ब्रिटनने ते लढाईत पहिल्यांदा वापरलं, तेव्हा त्याला तेच काम करावं लागलं. ही यंत्रं लढाईसाठी आहेत आणि लढाईत माणसं मरतात, हे चित्रं बघताना मी विसरत नाही.

जाता जाता एक कोडं देतो. ग्रिपेनच्या आधी स्वीडनकडे व्हिगेन नावाचं विमान होतं. कॅनार्ड लावून मोठ्या संख्येने बनलेलं ते जगातलं पहिलं विमान. त्याच्या शेपटीवरचं उभं पातं कडेला आडवं दुमडता यायचं, अगदी छत्री मिटावी तसं. उडताना त्या दुमडण्याचा काही उपयोग नव्हता. मग विमान बनवणाऱ्यांनी एवढा खटाटोप का केला असेल? गोथेनबर्ग शहराजवळ एक जागा आहे. बाहेरून नुसता खडक दिसतो. पण त्याच्या आत सुमारे ३० मीटर खोल, पाषाण कोरून विमानं ठेवायची जागा केली आहे. आज तिथे संग्रहालय आहे. अशा भूमिगत जागांची छतं फार उंच नव्हती. व्हिगेनला आत शिरायचं, तर शेपटी मिटूनच.